पुडी घेतली का?

११ नोव्हेंबर

संयोगितानं दिवाळीत ही डायरी हातात ठेवली. म्हणाली, "आप्पा, पॉवर हाऊसात जन्मभर रजिस्टर लिहिलंत, आता स्वतःचं लिहा. कुठं दुखतं, कधी दुखतं, डॉक्टरांना सांगता येईल." पोरगी सांगलीला दिलीय, शहाणी आहे, आणि तिला सातवा सरत आलाय. तिचं मन मोडवत नाही.

कोयनेच्या पॉवर हाऊसात मी ऑपरेटर होतो. पाळी संपली की लिहायचं: कुठलं मशीन कसं चाललं, कुठं वेगळा आवाज आला. काहीच नसेल तर 'सर्व ठीक'. निवृत्त होऊन कोयनानगरच्या खाली आपल्या गावी आलो तेव्हा वाटलं होतं, आता मरेपर्यंत 'सर्व ठीक' लिहायचं. गणपती उठल्यापासून माझं एकही मशीन ठीक नाही.

सकाळी जाग येते ती फक्त डोळ्यांना. बाकीचं अंग जागं होत नाही. दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे रात्रीतून कुणी सिमेंट ओतून गेल्यासारखे. कूस बदलायलाही बायकोला, हरणाबाईला, हाक मारावी लागते. ती मानेखाली हात घालून मला उठवते, सदरा चढवते, पायजम्याची नाडी बांधते. आज ती नाडी बांधत होती आणि मी आढ्याकडे बघत होतो. म्हणाली, "वर काय बघताय, पाल हाय का?" मला रडू येत होतं, म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

दुपारी अंग जरा सैल होतं आणि नेमका तेव्हाच मी लोकांना दिसतो. देवळाच्या कट्ट्यावर नानासो म्हणाला, "धनाजी, तुला काय धाड भरलीया रं? गडी तर टणाटणा हाय." नानासो माझा चुलतभाऊ, मनानं चांगला, जिभेला हाड नाही. त्याला म्हणावं सकाळी येऊन बघ.

१६ नोव्हेंबर

आज सकाळी जमीन हलली.

आमच्याकडे त्याचं कुणाला फारसं नवल नाही. तरी नियम एकच: हललं की आधी अंगण, मग विचार. सदुसष्टच्या भूकंपात मी पाच वर्षांचा होतो. आईनं मला काखेत मारून अंगणात उडी घेतली आणि मागं घर बसलं. तेव्हापासून आमच्या घरात दाराला आतून कडी लावत नाहीत.

फळीवरची भांडी खडखडली, कौलांतून माती गळली. बाहेर सगळे ओरडायला लागले, "भाईर या, भाईर या." मी उताणा. हात टेकून उठायला गेलो तर खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. हरणाबाई चुलीपाशी होती, दोन ढांगांत अंगणात गेली असती. ती आत आली. मी म्हणालो, "जा बाहेर. जा म्हणतो ना." ती खाटेवर बसली आणि माझ्या डोक्यावर दोन्ही हातांचं कोंडाळं करून वाकली. "गप पडा. तुमास्नी टाकून मी न्हाई जात."

मग थांबलं. एक परात पडली, एवढंच.

भिंत आली असती तर दोघं गेलो असतो, त्यातली ती माझ्यापायी. दिवसभर हेच डोक्यात आहे. मला तरणंताठं व्हायचं नाही. जमीन हलली की आपल्या पायांनी अंगणात जाता यावं, एवढंच पाहिजे. नाहीतर ही बाई एक दिवस माझ्या खाटेवर मरेल.

२० नोव्हेंबर

कराडच्या डॉक्टरकडे गेलो. पुतण्या जयराजनं, नानासोच्या मुलानं, जीपनं नेलं. उंब्रजच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. प्रत्येक धक्क्याला मी दात आवळत होतो.

आजाराला नाव आहे. पॉलिमायल्जिया रुमॅटिका. डॉक्टर तरुण आहे, पण समजावून सांगतो. म्हणाला, हे म्हातारपण नाही, पन्नाशीनंतर येणारा आजार आहे, खांद्या-खुब्यांशी सूज धरते, रक्तातही दिसतंय. औषध एकच. स्टेरॉइडच्या गोळ्या, छोटा डोस, नाश्त्यानंतर. तीन-चार दिवसांत फरक पडेल. मात्र वर्षभर तरी घ्यायच्या, रक्त तपासत राहायचं, हळूहळू कमी करायच्या, मनानं एकदम तोडायच्या नाहीत. आणखी म्हणाला, "डोकं नव्यानं दुखायला लागलं, डोक्याची कातडी दुखली, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी या. उद्यावर टाकू नका. या आजारात डोळा जाऊ शकतो."

मी मान डोलावली, पण 'स्टेरॉइड' या शब्दाच्या पुढचं माझ्या कानात काही शिरलंच नाही.

माझा थोरला भाऊ बाळासो दम्याचा रोगी. बाजारच्या गावातला एक जण त्याला तीच गोळी देत राहिला, ना तपासणी ना काही. दम लागला की गोळी, मग दम नसला तरी गोळी. बाळासोचं तोंड पुरीसारखं फुगलं, साखर झाली, मोरीत नुसता पाय घसरला तर खुबा मोडला. शेवटी खाटेवरच गेला. त्याला खांदा देताना मी शपथ घेतली होती की ही गोळी माझ्या घरात येणार नाही. डॉक्टरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या भावाला कुणी मोजून-मापून दिली नाही. मी देईन." सगळे असंच म्हणत असतील.

बाहेर येऊन तो कागद मी गटाराकडे भिरकावला. भिरकावला म्हणजे काय, हात उचलेना, पायाशीच पडला. हरणाबाईनं तो उचलला, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. हिला कागद म्हणून टाकवत नाही. लाइटची बिलंसुद्धा लग्नापासूनची ठेवलीत.

२४ नोव्हेंबर

मनुबाईचा फोन आला. माझी धाकटी बहीण, जतकडे दिलीय. तिच्या गावाशेजारी नाथाजी म्हणून एक धनगर म्हातारा आहे, वाताची पुडी देतो. कर्नाटकातून माणसं येतात म्हणे.

"दादा, माजी सासू खुरडत हुती, आता इहिरीवर जाती. झाडपाल्याचं हाय, तुमच्या त्या गोळीचं काय न्हाई त्यात. मी डबा एसटीनं धाडते."

रोज सकाळी मधातून एक पुडी. पथ्यं दोनच. वांगं खायचं नाही. आणि भावकीत सुतक पडलं तर घरातली पुडी बाद, ती वाहत्या पाण्यात सोडायची आणि नवी मागवायची. जुनी पोटात गेली तर उलटते. गुण यायला आठ-दहा दिवस लागतात. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

१ डिसेंबर

पुडी चालू आहे. गुण शून्य. करडी भुकटी, चवीला सुंठीसारखी गोड-तिखट.

आज संडासात बसलो आणि उठता येईना. हाक मारायची लाज वाटली, म्हणून तसाच बसून राहिलो. शेवटी हरणाबाईच आली. "मला हाक मारायला काय झालं हुतं? मी काय परकी हाय?" काखेत हात घालून तिनं मला उठवलं, तिची स्वतःची कंबर कटकन वाजली. मला आज पहिल्यांदा वाटलं की एकदाचं सुटलो तर बरं, आणि हे वाटल्याचं मी तिला सांगणार नाही.

३ डिसेंबर

हरणाबाई एकटीच एसटीनं कराडला जाऊन आली. ब्लाउजपीस आणायला म्हणे. कधी एकटी पाटणच्या पुढं न गेलेली बाई. आली ती रिकाम्या हातानं. म्हणाली, "रंग न्हाई गावला." मी चिडलो, जयराज दुपारी मला जेवायला वाढत होता आणि ही रंग शोधत होती.

७ डिसेंबर

मी माझे केस विंचरले.

हे पुन्हा वाचलं. मी, माझ्या हातानं, कंगवा डोक्याच्या मागपर्यंत नेऊन, केस विंचरले. काल सकाळी जाग आली आणि सवयीनं हाक मारायच्या आधी कुशीवर वळलो होतो. आधी वाटलं स्वप्न आहे. आज तर पाय खाली टाकून उभा राहिलो. हरणाबाई दारात भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

नाथाजी म्हणालाच होता, आठ-दहा दिवस. बरोबर तेवढेच झाले! डॉक्टरला हे दाखवायला पाहिजे. एवढी पुस्तकं वाचून शेवटी काय, स्टेरॉइड.

२१ डिसेंबर

भूक अशी लागते की विचारू नका. तीन भाकऱ्या खाऊनही ताटाकडे बघतो. गालावर मांस आलंय. नानासो म्हणाला, "सासुरवाडीत बसल्यावानी फुगलाय की रं."

पुडीचं सगळं आता हरणाबाईनं स्वतःकडे घेतलंय. भुकटी जाडी आहे म्हणून सकाळी खलबत्त्यात पुन्हा कुटते आणि न्याहारी झाल्यावरच देते. चव आता कडू लागते. कुटल्यानं अर्क उतरत असेल. मीठ कमी केलंय, दूध वाढवलंय, आणि परवा जयराजबरोबर साखर तपासायला पाठवलं. मी म्हटलं, झाडपाल्याला कसली आलीय साखर? म्हणाली, "वय झालंय, बगून ठिवावं."

मनुबाईकडे नाथाजीसाठी टॉवेल-टोपी पाठवली. हरणाबाईला विचारलं तर "पाठवा की" म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिला कुणाचं कौतुक नाही.

५ जानेवारी

आज हरणाबाईशी वाजलं. मी एवढंच म्हणालो की आता ठणठणीत झालोय, पुडी पुरे. तर अंगावरच आली. "एक दिस बी चुकवायची न्हाई. थांबवायची तर हळूहळू थांबवायची, मनानं न्हाई."

"हे नाथाजीनं सांगितलं?"

"व्हय. त्येनंच."

मनुबाई तर असं काही बोलली नव्हती. बायकांना वैदूही जास्त सांगतात.

१२ जानेवारी

संक्रांत तोंडावर आणि हरणाबाई सांगलीला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण संयोगिताचं बीपी चढलंय आणि डॉक्टर तिला घाटात पाठवायला तयार नाहीत. जावई राजवर्धन गाडी घेऊन आले होते. ही निघेना. तीनदा आत गेली. कागदाच्या बारक्या पुड्या बांधून तिनं स्टीलच्या डब्यात रचून ठेवल्यात.

"ह्यातलीच घ्यायची. न्याहारी करून. रोज."

"अगं, मूल आहे का मी?"

"मूल असतासा तर बरं हुतं, ऐकलं असतंसा."

गाडीत बसल्यावरही काच खाली करून पुन्हा म्हणाली, "ह्यातलीच." लाडकी लेक बाळंतीण व्हायचीय आणि हिचं चित्त पुडीत.

१६ जानेवारी

नानासो गेला. सकाळी गोठ्यात धारेला बसला होता, तिथंच कलंडला. काल संध्याकाळी कट्ट्यावर माझी टिंगल करत होता.

दहा दिवसांचं सुतक. घरातलं भरलेलं पाणी ओतलं, देव झाकून ठेवले. मनुबाईनं फोनवर रडता रडता आठवण केली, "दादा, पुडीचं ध्यानात हाय न्हवं?" हरणाबाईनं बांधलेल्या पुड्या डब्यासकट नदीवर नेल्या आणि पाण्यात सोडल्या. एवढ्या निगुतीनं बांधलेल्या, जिवावर आलं. पण पथ्य ते पथ्य. नाथाजीची नवी पुडी परवापर्यंत एसटीनं येईल.

हरणाबाईला सुतकाचं कळवलं, पुड्यांचं नाही. संयोगिताला बीपीसाठी दवाखान्यात ठेवलंय. उगाच तिच्या जिवाला आणखी घोर कशाला?

१९ जानेवारी

नात झाली. पोट फाडून काढली, वजन कमी म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय. सुतकात आनंद करू नये म्हणतात. मी परसात जाऊन एकटाच हसलो.

नवी पुडी आली, आज घेतली. गोड लागते. ताजी असेल.

संध्याकाळी फोनवर हरणाबाईनं पहिलं वाक्य काय टाकावं? "पुडी घेतली का?"

"घेतली."

"न्याहारीनंतर?"

"हो गं बाई."

यात खोटं काही नाही.

२३ जानेवारी

पुन्हा तेच. खांदे, खुबे, सिमेंट. या वेळी वर मळमळ, आणि अंगात त्राण म्हणून नाही. जयराज बापाचं सुतक पाळायचं सोडून मला उठवायला येतो. त्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

नवी पुडी आहे, गुणाला आठ-दहा दिवस लागायचेच. एकदा आला तसा पुन्हा येईल.

"पुडी घेतली का?"

"घेतली."

"आवाज का असा येतोय?"

"घरात मयत झालंय, आवाज कसा येणार?" मी फोन ठेवला. तिकडं तिची लेक टाके घालून पडलीय, नात पेटीत आहे. इथलं सांगितलं तर ही मध्येच लटकेल, ना धड तिकडं ना इकडं.

२५ जानेवारी

नानासोचं दहावं. नदीवर भावकीतल्या सगळ्यांनी डोकी केली. माझ्या डोक्याला वस्तरा लागला आणि मी ओरडलो. कातडी जणू भाजलेली. न्हावी म्हणाला, "आप्पा, अजून नुसतं पाणीच लावलंय." मी त्याला नवं पातं लावायला लावलं, तरी तेच. लोकांना वाटलं मी भावासाठी रडतोय. त्यासाठीही रडत होतो.

उन्हात बसल्यानं कानशिलं ठणकतायत.

२९ जानेवारी

भाकरी चावताना जबडा दमतो. दोन घास झाले की थांबायचं, मग पुढचे दोन. अक्कलदाढ असेल, या वयात शेवटची अक्कल येत असेल. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. डोकं चालूच आहे. तो डॉक्टर जबड्याचं काहीतरी म्हणाला होता, नीट आठवत नाही. त्यांना घाबरवायचंच असतं. आणि आता त्याच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ?

१ फेब्रुवारी

राजवर्धननं व्हिडिओ कॉल लावला. नात पेटीतून बाहेर आलीय. हरणाबाईनं तिला फोनसमोर धरलं, पण पोरीचा चेहरा अर्धाच दिसला, वरचा भाग काळा. मी म्हणालो, अगं फोन नीट धर. ती म्हणाली नीटच आहे. थोड्या वेळानं सगळी दिसली. नाक आमच्या आईचं.

फोन जुना झालाय, बदलायला हवा.

३ फेब्रुवारी

कराडचा दवाखाना. जयराज लिहितोय. आप्पा सांगत आहेत तसं.

सकाळी जाग आली तेव्हा डाव्या डोळ्यानं काही नव्हतं. अंधारसुद्धा नाही, काहीच नाही. मी डोळा चोळला, पाणी मारलं. मग हरणाबाईला फोन लावला. सगळं सांगितलं, डोकं, जबडा, डोळा. ती ओरडली, "पुडी घेतली न्हवं रोज?"

"घेतली. नवी आलीय त्यातली."

मग म्हणाली, "नवी कंची? माज्या पुड्या कुटं हायत्या?"

"सुतक पडलं तेव्हा नदीत सोडल्या."

फोनमधून काही आवाज येईना. मला वाटलं कट झाला. मग तिचा आवाज आला, तो मी कधी ऐकला नव्हता. "जयराजला द्या फोन. आत्ताच्या आत्ता कराडला न्या त्येंना. मी निगाले."

८ फेब्रुवारी

कराड, दवाखाना. उजव्या डोळ्यानं लिहितोय, ओळी वाकड्या जातायत.

डावा डोळा गेला. परत येणार नाही. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, ओरडला नाही, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. डोळ्याला रक्त नेणारी नस सुजून बंद झाली. आता उजवा वाचवायचा. त्यासाठी तीच गोळी, आधी जेवढी सांगितली होती तिच्या चौपट.

हरणाबाई सांगलीहून थेट इथं आली. खाटेशेजारी स्टुलावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग बोलली.

"नाथाजीच्या पुडीत कायबी न्हवतं. त्या डॉक्टरचा कागद माज्याकडं हुता. मीच गोळ्या आणल्या आन कुटून त्यात घालत हुते. डॉक्टर म्हणालं हुतं, त्येंना सांगून द्या. मी व्हय म्हणलं आन आले."

मी एका डोळ्यानं सलाइनचे थेंब मोजत राहिलो.

"सांगितलं असतं तर घेतल्या असत्यासा का?"

नसत्या घेतल्या.

"तवा भिंत पडली असती तर? तुमी उटू शकत न्हवतासा. मी काय करायचं हुतं? सांगा की आवं, मी काय करायचं हुतं?" शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. मी कूस बदलली. गोळ्यांनी एवढं तर होतं, कूस बदलता येते.

१७ फेब्रुवारी

घरी. हरणाबाईशी बोललो नाही अजून.

राग कुणावर आहे तेच कळत नाही. तिनं मला फसवलं. मुलासारखं, ढोरासारखं, चाऱ्यात औषध घालून. आणि ते औषध मला लागू पडलं, मी त्याचं श्रेय जतच्या म्हाताऱ्याला टॉवेल-टोपीसकट दिलं, तेव्हा ती चुलीकडे तोंड करून उभी होती. मी रोज फोनवर "घेतली" म्हणत होतो आणि ती रोज निश्चिंत होत होती. आमच्यातल्या कुणी एकानं एकदा खरं सांगितलं असतं तर माझा डोळा असता.

सगळ्यात वाईट हे की मी एकदाही खोटं बोललो नव्हतो.

मनुबाईचा फोन आला, उचलला नाही.

११ मार्च

आरशात आज बाळासो दिसला. तेच फुगलेलं तोंड, तोच मानेचा गोळा. साखरही झाली. ज्याला भ्यालो ते चौपटीनं आलं. डॉक्टर म्हणतो डोस कमी करू, हळूहळू. माझा आता 'हळूहळू'वर विश्वास बसत नाही.

चहा ओततो तो कपाच्या बाहेर पडतो. डावीकडून कुणी आलं की दचकतो. रात्री उजवा डोळा मिटायची भीती वाटते, सकाळी उघडून काही दिसलंच नाही तर? हरणाबाई सकाळी समोर बोटं धरते. "किती?" "दोन." मग ती पाणी देते. गोळ्या आता उघड्या तळहातावर असतात. ती मोजून देते, मी मोजून घेतो. आमच्यात एवढंच बोलणं उरलंय.

दुपारी ती परसात एकटीच बसून असते. खलबत्ता तिनं माळ्यावर टाकलाय. चटणीसुद्धा कुटत नाही.

१९ एप्रिल

आज सकाळी जमीन हलली. त्या वेळेपेक्षा जोरात.

मी उठलो. कुणी हात न लावता कुशीवर वळलो, पाय खाली टाकले आणि चालत, चालत कसला, धावत अंगणात गेलो. मागं कौलं घसरल्याचा आवाज झाला. जयराज आईला घेऊन त्यांच्या अंगणात उभा होता. फणसाखालची म्हैस दावं ओढत होती. सगळे होते. हरणाबाई नव्हती.

ती मला बघायला आत गेली असणार. माझ्या खाटेवर, माझ्या रिकाम्या खाटेवर वाकली असणार. मी "हरणे, हरणे" म्हणून ओरडलो आणि दाराकडे पळालो. उंबऱ्यापाशी कुणीतरी दंड धरला.

"आवं, कुटं निगाला? मी हितंच हाय की."

"कुठं?"

"तुमच्या डाव्या अंगाला. तुमच्यासंगंच भाईर आले, मगाधरनं हितंच उबी हाय."

दोन महिन्यांत तिच्याशी मी एवढं बोललो नव्हतो. मी म्हणालो, "मग बोलायचं नाही का?" ती पुढून वळसा घालून माझ्या उजव्या हाताला आली, तेव्हा दिसलं की ती रडत होती. कधीपासून, ते मला कळलं नाही.